कोंबडी मलूल दिसली की पाण्यात पावडर: या चुका टाळा

पावसाळा लागला की फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "काका, कोंबडी मलूल आहे, कुठली पावडर घालू?" मी विचारतो, वय किती? शिट कशी? एकच आजारी की सगळ्या? नवीन कोंबडी आणलीय का? पलीकडे शांतता. खुराड्यात वाकून बघितलेलं नसतं, पण दुकानातून पिवळ्या पावडरीची पुडी आणून ती फोडूनही झालेली असते.

परसात दहा-वीस गावठी किंवा वनराजा-ग्रामप्रिया अशा सुधारित जातीच्या कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना डॉक्टर असतात, हिशेब असतो. आपल्याकडे असतो तो शेजाऱ्याचा सल्ला.

शिट न बघता औषध घालणं

या चुकीने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका मित्राने ऐन पावसात वनराजाची पिल्लं आणली. महिन्याची होईपर्यंत ठीक होती, मग एकेक करून पिसं फुगवून, पंख सोडून कोपऱ्यात बसायला लागली. दुकानदाराने तीच पिवळी पावडर दिली, टेट्रासायक्लिन, म्हणजे जिवाणूंवरचं प्रतिजैविक. दुसऱ्या दिवशी आणखी मेली, म्हणून याने डोस दुप्पट केला. तिसऱ्या दिवशी वेगळ्या दुकानातून वेगळी पुडी. त्यात वरून हळद, लसूण आणि कोणीतरी सांगितलेला ओवा. पाण्याचा रंग बघून माझीही तहान गेली असती.

मी गेलो तेव्हा खालचं तूस भिजून काळं झालेलं. पागोळीचं पाणी एका बाजूने आत येत होतं. त्या चिखलात शिट कुठली आणि तूस कुठलं हे ओळखायची सोय नव्हती. रात्री पिल्लं आत गेल्यावर खाली वर्तमानपत्र पसरायला लावलं. सकाळी कागदावर जागोजागी रक्त, काही ठिकाणी तांबूस चिकट पडदे. एका पिल्लाचा पाय आणि शेपटीखालची पिसंही माखलेली. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. औषध रोगाच्या वाटेलाच गेलं नव्हतं.

हा रोग जिवाणूंचा नाही. आयमेरिया नावाच्या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीचा आहे, म्हणून नेहमीच्या पिवळ्या पावडरीने तो हलत नाही. आजारी पिल्लाच्या शिटेतून या परजीवीची अंड्यासारखी, कवच असलेली बारीक रूपं बाहेर पडतात आणि उबदार, ओलसर जागा मिळाली की एक-दोन दिवसांत दुसऱ्याला लागायला तयार होतात. गोव्याच्या जुलैत उबही आहे आणि ओलही. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं यात सगळ्यात जास्त सापडतात. आणि हो, फिनेल ओतून काही होत नाही. त्या कवचाला साधं जंतुनाशक भेदत नाही. त्याला मारतो तो कोरडेपणा.

औषध अँप्रोलियम, पाण्यातून, पाकिटावरच्या प्रमाणात आणि डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस. त्या दिवसांत दुसरं पाणी ठेवायचं नाही, म्हणजे अंगणातली डबकी आणि माडाखालची जुनी बादली सुद्धा. इथे उत्साही मंडळी "अशक्तपणा आलाय" म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स घालतात. अँप्रोलियम बी-1 जीवनसत्त्वाचं सोंग घेऊन परजीवीला उपाशी मारतं. तुम्ही बी-1 ओतलंत की औषधाचं काम अर्धं फुकट. जीवनसत्त्वं औषधाचे दिवस संपल्यावर. उलट अँप्रोलियम दुप्पट करून आठवडेच्या आठवडे चालू ठेवलं तर कोंबडीलाच बी-1 कमी पडतं, ती मान मागे टाकून आकाशाकडे बघत बसते, आणि मग घरात ओरड: मानमोडी आली! मान वळलेली प्रत्येक कोंबडी मानमोडीची, म्हणजे रानीखेत रोगाची, नसते, एवढं तरी लक्षात ठेवा.

मित्राने तूस सगळं काढलं, पागोळीला पत्रा लावला, कोरडं तूस चार बोटं जाड घातलं. उरलेली बरीच पिल्लं वाचली. माझ्या मते निम्मं काम त्या पत्र्याने केलं, पण मित्र अजून औषधाचंच नाव घेतो.

तेव्हापासून नवीन माणसाला मी औषधाचं नाव आधी सांगतच नाही. आधी रात्री पेपर पसर, सकाळी फोटो पाठव. निधनवार्तांचं पान असलं तरी चालेल. निरोगी शिट राखाडी-तपकिरी, तिच्यावर पांढरी टोपी. मधूनमधून एखादी पातळ, चॉकलेटी, भयंकर वासाची पडते. तीही नॉर्मल, आंधळ्या आतड्यातून येते. तिचा फोटो "जुलाब लागलेत" म्हणून रात्री अकराला पाठवू नका. हिरवी पाण्यासारखी शिट आणि सोबत धाप असेल तर मात्र खरंच फोन करा, अकराला सुद्धा.

खुडूक कोंबडीला आजारी समजणं

फुगून बसते, खात नाही, हात लावला की गुरगुरते, दिवसातून एकदा उठून भली मोठी शिट टाकते. ती खुडूक आहे. तिच्याखाली अंडी घाला नाहीतर खुराड्याबाहेर काढा, पण प्रतिजैविक देऊ नका. पिसं गाळणाऱ्या कोंबडीचंही तसंच. अंडी बंद, अंग बोडकं, आणि मालक घाबरलेला.

मर आल्यावर लस टोचणं

रानीखेत, आपली मानमोडी. विषाणूचा रोग, औषध नाही. जे काही आहे ते लसीत. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लस आठवते ती शेजारच्या वाड्यावर कोंबड्या मरायला लागल्यावर.

सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरची गोष्ट. मे महिना. तिथल्या एका हौशी गृहस्थांनी तालुक्याहून आर-टू-बी या रानीखेतच्या लसीची बाटली आणली. स्कूटरच्या डिकीत. बर्फ? "अहो, अर्ध्या तासाचा तर रस्ता." वाटेत एका लग्नाला जेवून आले. ती जिवंत लस आहे, तिला 2 ते 8 अंश तापमान लागतं, आणि मे महिन्यातल्या डिकीत हात घालून बघा म्हणजे कळेल. घरी येऊन पातळ करणारं पाणी मिसळलं, निम्म्या कोंबड्यांना टोचलं, काळोख झाला म्हणून उरलेलं फ्रिजच्या दारात ठेवून दुसऱ्या दिवशी पुढच्यांना. मिसळलेली लस एक-दोन तासांत संपवायची असते, तीही बर्फावर ठेवून. तेवढ्यावरच थांबले नाहीत. वाड्याच्या एका टोकाला आधीच दोन कोंबड्या माना टाकून होत्या. त्यांनाही टोचलं, आणि तीच सुई घेऊन पुढच्या घरी.

पुढचं सांगायला नको. रोग शरीरात शिरलेल्या कोंबडीला आर-टू-बी वाचवत नाही. ही लस बऱ्यापैकी दमदार आहे, ती आजारी पक्ष्याला उलट झोपवते. निरोगी कोंबडीतही संरक्षण तयार व्हायला दहा-बारा दिवस जातात. आणि सुईने रोग घरोघर पोचवला तो वेगळाच. वर वाड्यावर बोभाटा काय, तर "सरकारी लसीने कोंबड्या मेल्या." पुढची दोन-तीन वर्षं त्या वाड्यावर कोणी लस आणली नाही. याचा राग मला कोंबड्या मेल्यापेक्षा जास्त आहे.

माझी पद्धत अशी: पिल्लांना पहिल्या आठवड्यात एफ किंवा लासोटा (याही रानीखेतच्याच, पण सौम्य लसी), डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौथ्या आठवड्याच्या सुमारास परत लासोटा. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी पंखाखाली. सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला आर-टू-बी देऊ नये. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारून परत. बाटली शंभर डोसांची असते आणि तुमच्या कोंबड्या बारा, म्हणून "परवडत नाही" हे रडगाणं मी ऐकून घेत नाही. वाड्यावरची सगळी घरं मिळून एक सकाळ ठरवा. पहाटे, कोंबड्या सोडायच्या आधी. मी थर्मासमध्ये बर्फ भरून बाटली आणतो, आणि सुई प्रत्येक घराला नवीन. पाण्यातून लासोटा देणार असाल तर नळाचं पाणी नको, त्यातलं क्लोरीन लस मारतं. विहिरीचं पाणी घ्या आणि थोडी साय काढलेली दूध पावडर मिसळा. टोचताना शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळे येतात, तेव्हा चष्मा घाला.

नवीन कोंबडी थेट खुराड्यात

आठवड्याच्या बाजारातून तुरेदार कोंबडा आणला, पिशवीतून काढला, सोडला आपल्यांत. कशाला? राखणीला, म्हणजे राखणदार देवाला द्यायला, एक लागतो म्हणून आणलेला असतो आणि त्या निमित्ताने सगळं खुराडं राखणीला जातं. कमीत कमी तीन आठवडे वेगळा ठेवा, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, वेगळं भांडं. आधी जुन्यांना दाणा, मग नव्याला. त्याच्याकडून परत येताना चपला बदला. नव्या लोकांना हे तीन आठवडे जड जातात. मला त्यांची घाई कळते, मान्य नाही.

घरघर आणि डोळ्यांत फेस घेऊन येणारा सीआरडी, म्हणजे श्वासाचा जुनाट आजार, असाच येतो. मायकोप्लाझ्माचा आजार. टायलोसिन किंवा डॉक्सिसायक्लिनने कोंबडी बरी दिसते, पण जंतू तिच्यात राहतो आणि अंड्यातून पिल्लांत उतरतो. अशा कोंबडीची अंडी उबवायला घालू नका. कान खुराड्याला लावून रात्री ऐका, दिवसा घरघर लपते. अजून एक, गोव्यात हमखास होणारं: आपण तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून घालतो ना, डॉक्सिसायक्लिन किंवा टेट्रासायक्लिन चालू असताना त्या काढून ठेवा. कॅल्शियम औषधाला धरून बसतं आणि औषध अंगी लागत नाही. त्या दिवसांतली आणि नंतर पाकिटावर लिहिलेले दिवस होईपर्यंतची अंडी घरात खायची नाहीत, विकायची तर नाहीतच.

बाकीच्या, पटापट

देवीच्या खपल्या उपटणं. तुऱ्यावर, डोळ्याभोवती फोड येतात, डास पसरवतात, दोन ते चार आठवड्यांत बहुतेक आपोआप झडतात. खपलीत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, ती उपटून अंगणात टाकणं म्हणजे पेरणी. पोव्हिडोन आयोडीन लावा आणि सोडा. तोंडात पिवळे पापुद्रे येऊन श्वास अडला तर डॉक्टर.

लाल किडे-गोचीड दिवसा शोधणं. ते दिवसा कोंबड्या बसतात त्या दांड्याच्या फटीत असतात. रात्री टॉर्च घेऊन जा. तुरा फिका, अंडी कमी आणि शिट चांगली, तर मी आधी दांडा बघतो. धूळस्नानाच्या खड्ड्यात चुलीची राख माझ्याकडे बारमाही असते. केरोसीन चोळणाऱ्यांशी मी बोलत नाही.

जंताच्या औषधाने सगळे जंत जातात असं समजणं. पायपेराझिन फक्त गोल जंतांवर. शिटेत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी, त्यांना वेगळं औषध.

बुरशी आलेला मका "कोंबडीला चालतो" म्हणून घालणं. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, उन्हात वाळवून किंवा भाजून पुरतं जात नाही, आणि यकृत एकदा गेलं की परत येत नाही. पावसात पंधरा दिवसांपुरतंच खाद्य आणा, पोतं जमिनीवर ठेवू नका.

काजूच्या मोसमात भट्टीवरचा आंबलेला बोंडांचा चोथा खाऊन कोंबडी झिंगते, लडबडत चालते. दरवर्षी कोणीतरी मला मानमोडीचा व्हिडिओ म्हणून पाठवतं. सावलीत ठेवा, पाणी द्या.

आजारी आहे म्हणून घाईने कापून पिसं-आतडी मागच्या व्हाळात टाकणं. खालच्या वाड्याला तुम्ही रोग घरपोच देता.

एका दिवसात बऱ्याच मेल्या तर

इथे घरगुती काहीही करू नका. देशातली पहिली बर्ड फ्लूची साथ 2006 साली महाराष्ट्रातल्या नवापूरला आली होती, तेव्हाही सुरुवातीला लोकांना रानीखेतच वाटलं होतं. तुरा-पाय निळसर, डोकं सुजलेलं, पटापट मरणं: मेलेल्यांना उघड्या हाताने धरू नका, पिसं सोलू नका, तालुक्याच्या सरकारी पशुदवाखान्यात लगेच कळवा. ते सांगतील तसंच पुरायचं, चुना घालून, विहिरीपासून लांब.

एखाद-दुसरी मेली असेल आणि कारण कळत नसेल तर तीच कोंबडी निदानाचं सगळ्यात चांगलं साधन आहे. आधी दवाखान्यात फोन करून विचारा. आणा म्हणाले तर दोन पिशव्यांत बांधून, बर्फावर ठेवून, त्याच दिवशी न्या. सोबत एक कागद: वय, लस कधी, खाद्य कुठलं, पाण्यात काय काय घातलं. फ्रीझरमध्ये मात्र टाकू नका. गोठून परत सुटलेल्या आतड्यांवरून आणि यकृतावरून डॉक्टरांना फारसं काही सांगता येत नाही.