'निवड' या शब्दाचा माग कसा काढावा

शब्दाचं मूळ शोधायचं म्हटलं की आपण थेट संस्कृतकडे धाव घेतो. मी म्हणेन, आधी परातीपुढे बसा. 'निवड' हाच शब्द घेऊ.

पहिलं काम म्हणजे कोश न उघडता, कानावर पडतात तशी आठ-दहा वाक्यं लिहून काढा. 'तांदूळ निवडून ठेव.' 'मेथी निवडायला घे.' 'संघात तिची निवड झाली.' 'काकू सरपंच म्हणून निवडून आल्या.' आता प्रत्येक वाक्यात पाहा, जे निवडलं ते पुढे जातं कुठे? तांदूळ निवडले की तांदूळ पातेल्यात जातात. पण खडे निवडले तर खडे केरात! ठेवायचं तेही निवडायचं आणि टाकायचं तेही. तुकोबांनीही 'निवडावे खडे । तरी दळण वोजें घडे' असंच म्हटलंय. दळण नीट व्हायचं तर खडे आधी बाजूला काढायचे. इथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. एकात एक मिसळलेलं वेगळं करायचं, हा या शब्दाचा गाभा.

तो पक्का करायला जवळचे शब्द त्याच जागी घालून बघा. 'मुलगी पसंत आहे' चालतं, 'मुलगी निवड आहे' चालत नाही. तांदूळ पसंत करतो तो दुकानात, निवडतो तो घरी. 'पसंत' आला फारसी 'पसंद'वरून. 'मदद'ची 'मदत' झाली तसाच इथेही शेवटच्या 'द'चा 'त' झाला. 'पर्याय' संस्कृतात मुळात क्रम किंवा पाळी. आणि 'विकल्प' तर मनात आला की शंकाच.

मग शब्दाचं गणगोत गोळा करा. 'निवडणूक'मधला '-णूक' हा करमणूक, फसवणूक, मिरवणूक यांतलाच प्रत्यय. (या यादीवरून राजकारणावर विनोद सुचणारच, तो गिळा.) याहून मोलाचा नातेवाईक म्हणजे 'निवाडा'. 'पडणे'चं 'पाडणे' होतं, तसं 'निवडणे'चं 'निवाडणे'. खरं-खोटं वेगळं करून दिलं की निवाडा झाला. जुन्या वतनाच्या तंट्यांत पंचांचा निर्णय लिहिलेल्या कागदाला निवाडपत्र म्हणत. परात आणि पंचायत, दोन्हीकडे काम एकच.

कोश आता उघडा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर फुकट पाहता येते. फक्त तिथे 'निवडणे' असं टाइप करून शब्द सापडला नाही तर हिरमुसू नका. जुन्या लेखनाप्रमाणे शेवटी अनुस्वार द्या: 'निवडणें'. अर्थछटांसाठी दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा 'मराठी व्युत्पत्ति कोश' घ्या. एकाच कोशावर विसंबू नका. व्युत्पत्तीत थोरांचेही तर्क चुकतात.

शेवटी प्राकृत, म्हणजे संस्कृत आणि मराठी यांच्या मधल्या काळातली भाषा, आणि ही पायरी बहुतेक जण गाळतात. बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताने आपल्या प्राकृत व्याकरणात 'णिव्वडइ' हे क्रियापद नोंदवलंय. अर्थ दिलाय: वेगळा होतो, स्पष्ट होतो. शब्दारंभीच्या 'ण'चा मराठीत 'न' होतो, जोड 'व्व'चा एकेरी 'व' होतो, आणि समोर 'निवडणे' उभं राहतं. परातीपुढे जो अर्थ हाती लागला, तोच इथे. आवाज आणि अर्थ असे दोन्ही जुळले, तरच नातं धरायचं.

म्हणूनच 'निवडुंग' पाहून हुरळून जाऊ नका. त्यात 'निवड' ऐकू येते खरी, पण अर्थाचा धागा सापडेपर्यंत त्याला कुंपणावरच राहू द्या.