कॉमिक्सवरची सही आणि ग्रेडिंग : नव्या संग्राहकासाठी काही अनुभव

इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेली काही मराठी मंडळी नोकरीनिमित्त अमेरिकेत आल्यावर मार्व्हल आणि डीसी या अमेरिकी प्रकाशकांच्या जुन्या अंकांकडे वळतात. मीही त्यांतलाच एक. न्यू जर्सीत राहून हा छंद जोपासताना नवे संग्राहक मला बहुधा एकच प्रश्न विचारतात : अंक ग्रेडिंगला, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासून दर्जाचे गुण मिळवण्याला, कधी पाठवावा? माझ्या मते, अंकाचा दर्जा आपल्याला स्वतःला ओळखता येऊ लागेपर्यंत तो कोठेही पाठवू नये.

ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्यांत सर्वांत प्रस्थापित असलेली सीजीसी ही कंपनी २००० साली सुरू झाली आणि तिचे मुख्य कार्यालय फ्लोरिडातील सारासोटा येथे आहे. तेथील तज्ज्ञ अंक पानोपान तपासून त्याला ०.५ ते १० या मापावर गुण देतात आणि मग तो कडक पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद होतो. या पेटीला संग्राहक स्लॅब म्हणतात, तर पेटीबाहेरच्या अंकाला रॉ. ९.६ आणि ९.८ यांतला फरक नवख्याच्या डोळ्याला दिसतही नाही, मात्र किमतीत तो चांगलाच जाणवतो. हा फरक बहुतेक वेळा कण्याजवळच्या (पिना असलेल्या दुमडीच्या बाजूच्या) बारीक सुरकुत्यांचा, म्हणजे स्पाइन टिक्सचा असतो. अंक दिव्याखाली तिरका धरला की या सुरकुत्या, बोटांच्या दाबाचे खळगे आणि कोपऱ्यांचा बोथटपणा स्पष्ट दिसतो. त्यानंतर पिनांवरचा गंज पाहावा, मधली पाने पिनांतून सुटलेली नाहीत ना हे तपासावे आणि शेवटी पाने मोजावीत.

पाने मोजण्याचा आग्रह अनेकांना अनाठायी वाटतो, म्हणून एक उदाहरण देतो. नोव्हेंबर १९७४ ही तारीख असलेल्या ‘द इनक्रेडिबल हल्क’च्या १८१व्या अंकात वुल्व्हरिन हा मार्व्हलचा लोकप्रिय नायक प्रथमच पूर्ण कथेत आला (आदल्या अंकात तो केवळ शेवटच्या चौकटीत दिसला होता), त्यामुळे या अंकाला प्रचंड मागणी आहे. त्या काळात मार्व्हल वाचकांच्या पत्रांच्या पानावर कापून जमवण्यासाठी एक छोटे चित्र-तिकीट छापत असे आणि मुले ते इमानेइतबारे कात्रीने कापत असत. त्यामुळे मुखपृष्ठ आरशासारखे लखलखीत असूनही आतले तिकीट गेलेल्या प्रती आजही विक्रीला येतात आणि तिकीट नसेल तर किंमत झपाट्याने उतरते. विक्रेता पिशवीतून अंक काढू देत नसेल, तर असा व्यवहार सोडून द्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या उलट टोकाला १९९१ सालचा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक आहे. त्याच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती दुकानांत गेल्या आणि लोकांनी त्या पुढे भाव येईल या आशेने जपूनही ठेवल्या. साहजिकच उत्तम प्रतीचीही नवलाई उरली नाही. कोणत्या अंकाच्या किती प्रतींना कोणता ग्रेड मिळाला, याची सीजीसीची नोंद सर्वांना पाहता येते. ती पाहून, पेटीबंद प्रतीचा चालू भाव आणि ग्रेडिंगचा व टपालाचा एकूण खर्च यांची वजाबाकी कागदावर मांडली, तर घरातले बहुतेक अंक रॉ ठेवणेच शहाणपणाचे आहे हे लक्षात येते.

पाठवायचाच असेल, तर आधी प्रेसिंग करून घ्यावे. उष्णता आणि दाब देऊन अंक सपाट करण्याच्या या पद्धतीला सीजीसी दुरुस्ती मानत नाही. मात्र फाटलेल्या मुखपृष्ठाला रंग लावणे किंवा कडा छाटणे यांची गणना त्यांच्याकडे दुरुस्तीत होते आणि अशा अंकाला जांभळे लेबल लागते, ज्यापासून खरेदीदार शक्यतो दूरच राहतात.

सहीच्या बाबतीत सगळी मदार साक्षीदारावर असते. कंपनीचा अधिकृत साक्षीदार समोर उभा असताना लेखकाने किंवा चित्रकाराने सही केली आणि अंक त्याच्याकडूनच पुढे कंपनीकडे गेला, तर सीजीसी सहीची हमी देणारे पिवळे लेबल देते. तीच सही आपण एकट्याने रांगेत उभे राहून घेतली, तर तिची सत्यता आपल्याला कितीही ठाऊक असली तरी कंपनीच्या लेखी ती मुखपृष्ठावर कोणीतरी लिहिलेले नाव ठरू शकते. सीबीसीएस ही दुसरी कंपनी आधी घेतलेल्या सह्यांचे हस्ताक्षर पडताळून लाल लेबल देते; तरीही ज्यांची भेट शक्य आहे त्यांच्यासाठी साक्षीदाराचाच मार्ग धरावा.

सही नेमकी कोठे हवी हे चित्रकाराच्या मर्जीवर सोडू नये. अंक ठेवलेल्या पिशवीला हव्या त्या जागी चौकोनी खिडकी कापावी, म्हणजे सही तेथेच होते आणि मुखपृष्ठाला हातही लागत नाही. गडद मुखपृष्ठावर चंदेरी किंवा सोनेरी पेंट पेन उठून दिसते, पण त्याची शाई पूर्ण वाळल्याशिवाय पिशवी हलवू नये. प्रेसिंगही सहीआधीच उरकावे, कारण उष्णतेने अशी शाई बिघडण्याचा धोका असतो. पुढे विकण्याचा विचार असेल, तर सहीसोबत स्वतःचे नाव लिहून घेणे टाळावे. आयुष्यभर जपायचा अंक असेल, तर खुशाल लिहून घ्यावे, मी स्वतः तेच करतो.

घरी राहिलेल्या अंकांसाठी आम्लविरहित पुठ्ठ्याचे बोर्ड आणि मायलरच्या, म्हणजे पारदर्शक पॉलिस्टरच्या, पिशव्या वापराव्यात. भारतात, विशेषतः मुंबई किंवा कोकणात, अंक ठेवणाऱ्यांनी पावसाळ्यात पिनांवर लक्ष ठेवावे, कारण दमटपणामुळे गंजाचा डाग आतल्या पानांपर्यंत उतरतो. पेटीबंद अंक तरी सुरक्षित आहे असे समजून तो खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगू नये; प्लास्टिकची पेटी ऊन अडवत नाही आणि उन्हात मुखपृष्ठाच्या रंगांबरोबर सहीही फिकी होत जाते.