अटॅकचं बटण सोड भावा, मग बॉस पडतो

मे महिना, परभणी, दुपारचे 3, कूलरमधलं पाणी संपलेलं आन समोर सेकिरो नावाच्या तलवारबाजीच्या गेमचा बॉस, म्हणजे मोठा दुश्मन, गेनिचिरो. सेकिरो ज्यानं खेळलाय त्याला किल्ल्याच्या गच्चीवरचा हा माणूस माहीतच असल, गेम 2019 ची हाय पण आजबी लय पोरं इथंच येऊन कंट्रोलर खाली ठेवतात. मी त्याचा चार दिवस मार खाल्ला. माझी पद्धत म्हणजे बनी तो बनी नहीं तो परभणी, दिसला की दाब बटण. मावसभाऊ मागं बसून बघायला होता, म्हणला, "दादा, तू त्याला मारायलास का कंट्रोलरला?"

तर पहिलं काम हे, आन खरं सांगू तर बाकीचं सगळं ह्याच्यातूनच निघतं: पुढचे पाच डाव अटॅकचं बटण दाबायचंच नाही. नुसतं ब्लॉक (वार अडवणं), डॉज (झटक्यात सरकणं), उडी. मरायचंच हाय असं धरून बसायचं. हाताला मारायचं काम नसलं की डोळे बघायला लागतात. मारका बैल शिंग घालायच्या आधी मान खाली घालतो, खूर उकरतो, गुरामागं जाणाऱ्या पोराला हे कुणी शिकवत नाही, दोनदा पळालं की आपोआप कळतं. गेममधल्या दुश्मनाचंबी तसंच. तलवारीकडं बघू नको, ती दिसंपर्यंत उशीर होतो, खांदा आन पाय बघ.

सेकिरोत लाल अक्षर चमकतं तेव्हा ब्लॉक चालत नाही हे सगळ्यांना कळतं, पण भोसकणं असो, पायाखालून फिरवणं असो का धरणं असो, अक्षर एकच येतं. म्हणून अक्षर बघून बटण दाबणारा मरतो. टोक सरळ तुझ्याकडं आलं तर मागं पळू नको, त्याच्याच अंगावर डॉज मार, मिकिरी काउंटर, म्हणजे भोसकणं उलटवायचा डाव, बसतो (स्किल आधी विकत घ्यावं लागतं, काहून घेतलं नाही म्हणून मला विचारू नका). जमिनीलगत फिरवली की उडी. हात पसरून आला की बाजूला सटक. साखळदंडवाला ओगर हे धरायचं काम लय करतो, त्याला आगीची भीती हाय, फ्लेम व्हेंट, म्हणजे आग फेकणारं हत्यार, घेऊनच जा.

डिफ्लेक्टसाठी, म्हणजे वार नेमक्या क्षणी परतवायला, ब्लॉकचं बटण टकटक टकटक दाबत बसू नको, जेवढं जास्त दाबशील तेवढी गेम वेळेची सूट कमी करत जाते. एक वार, एक दाब. आन नुसता पोश्चरचा (तोलाचा, तो भरला की दुश्मन उघडा पडतो) पिवळा पट्टा भरत बसू नको, दुश्मनाचा जीव भरलेला असला की तो पट्टा पटकन उतरतो, म्हणून आधी थोडं रक्त काढ, मग पट्टा टिकतो. स्वतःचा पट्टा उतरवायचा तर लांब जाऊन ब्लॉक धरून उभा राहा, नुसतं उभं राहण्यापेक्षा लवकर उतरतो.

एल्डन रिंग गेमचा बॉस मार्गिट दुसऱ्या जातीचा. काठी वर धरतो आन थांबतो, तुला वाटतं आता आली, तू रोल (लोळण) मारतोस, तू उठलास की मग ती येते. तिथं उपाय एकच, काठी वर गेल्यावर नाही, खाली यायला लागल्यावर दाबायचं. तू जीव भरायची बाटली तोंडाला लावली की तो खंजीर फेकतो, म्हणून बाटली त्याचा लांब वार चुकवल्यावरच. रोल जड वाटत असला तर स्वतःला शिव्या देण्याआधी अंगावरचं सामान बघ, वजन क्षमतेच्या 70 टक्क्यांवर गेलं की रोल ढेप पडल्यासारखा होतो, 30 च्या खाली असला की भुर्र. मी आठवडाभर लोखंडी चिलखत घालून फिरलो, दिसायला भारी होतं ना.

गर्दीचं गणित वेगळं. पाचजण आले तर मोकळ्यात लढू नको, बोळीत घे, पाठीला भिंत ठेव, आन बाणवाल्याला आधी संपव, तलवारवाले तुझ्याकडं येणारच हायत. कॅमेरा लॉक एकावर लावून ठेवला की मागचा दिसत नाही, गर्दीत लॉक काढ. घोस्ट ऑफ त्सुशिमा गेममधी स्टान्स (लढायचा पवित्रा) बदलायला आळस करू नको: तलवारवाल्याला स्टोन, ढालवाल्याला वॉटर, भालेवाल्याला विंड, जाड्याला मून. तिथं निळी चमक आली तर पॅरी (वार परतवणं), लाल आली तर सटक. एल्डन रिंगचे कुत्रे मात्र बॉसपेक्षा वाईट, त्यांच्यापुढं पळू नको (गल्लीतल्या कुत्र्यापुढं तरी पळतोस का?), ढाल धरून थांब, उडी मारून आला की मग हाण.

2018 च्या गॉड ऑफ वॉरमधी रेव्हनंट नावाची धुरासारखी गायब होणारी चेटकीण हाय, कुऱ्हाड फेकली की बाजूला. तिला आधी सोबतच्या पोराचे, अट्रियसचे, बाण मारायचे, ती थांबते, मग कुऱ्हाड. पोरगं बाजूला उभं असतं आन लोक त्याचं बटणच विसरतात. वाल्किरी नावाच्या पंखवाल्या बॉस 9 हायत, शेवटची सिग्रुन बाकीच्या आठ जणींचे वार एकटी करते, म्हणून त्या आठ जणी म्हणजे तिचीच प्रॅक्टिस समज, नशिबानं जिंकलेली लढाई तिच्यापाशी उघडी पडते.

आन एवढं करूनबी टायमिंग बसत नसलं तर मशीनकडं बघ. 60 एफपीएसला (सेकंदाला 60 चित्रं) एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, साधारण 16.7 मिलिसेकंदाची, 30 ला 33.3, म्हणजे फ्रेम पडल्या की तुझा बरोबर दाबलेला बटणबी उशिरा पोचतो. टीव्हीवर खेळत असशील तर गेम मोड चालू कर, चित्र उशिरा यायचं कमी होतं. लॅपटॉप गादीवर ठेवू नको, मागून उचलून ठेव, आपल्याकडच्या उन्हात तो तापून स्वतःच हळू होतो. गेनिचिरोच्या जीवाचं शेवटचं टिपकं राहिलं होतं तेव्हा आमच्याकडची लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला आन फ्रेम धपाधप पडल्या, तिथंच मेलो. आता बॉसच्या आधी मी इन्व्हर्टरचा दिवा बघतो.