मेनिंजायटिसची प्रतिबंधक गोळी: गावात देताना या चुका टाळा

मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला जंतूमुळे येणाऱ्या सुजेचा, रुग्ण सापडला, घरच्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची एकेक गोळी दिली, काम झालं. शहरातल्या एकट्यादुकट्या रुग्णासाठी एवढं पुरतंही. खेड्यात साथ पेटली असेल तर मात्र हीच सर्वांत मोठी चूक ठरते.

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये, मदारुंफा जिल्ह्यात, २०१७च्या साथीत ४९ गावांमध्ये हे ताडून पाहिलं गेलं. काही गावांत फक्त रुग्णाच्या घरी गोळी दिली, काही ठिकाणी अख्ख्या गावाला, तर काही गावांत कुणालाच नाही. फक्त घरी दिल्याने म्हणावा तसा फरक पडला नाही. गावभर दिली तिथे मात्र नवे रुग्ण सुमारे ६० टक्क्यांनी घटले. कारण उघड आहे: ही साथ आणणारा मेनिंगोकॉकस हा जंतू ठणठणीत माणसाच्याही घशात मुक्काम करतो, आणि गावातली माणसं दिवसभर एकमेकांच्या ओसरीवरच असतात. म्हणून अर्धं गाव आज, उरलेलं पुढच्या बाजाराच्या दिवशी, असं करू नका.

उशीरही नको. रुग्ण कळल्यापासून २४ तासांत गोळी मिळाली तर उत्तम. १४ दिवस उलटल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

ज्याला ताप, उलट्या आणि मान आखडणं सुरू झालंय, त्याला ही गोळी देऊन घरी ठेवणं जिवावर बेतू शकतं. त्याला लागतात सेफ्ट्रियाक्झोनसारखी इंजेक्शनं, तीही लगेच. गरोदर बाईलाही प्रतिबंधासाठी सेफ्ट्रियाक्झोनचं एकच इंजेक्शन देतात. सिप्रोफ्लॉक्सासिनऐवजी रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक दिलं तर ते दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. लघवी केशरी होते हे आधीच सांगा, नाहीतर लोक घाबरून दुसरा डोस टाळतात. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही त्याने कमी होतो.

आपल्याकडे आणखी एक घोळ म्हणजे ‘मेंदूज्वर’ हा शब्द: तो मेनिंजायटिसलाही लावतात आणि जपानी मेंदूज्वरालाही. जपानी मेंदूज्वर विषाणूचा असतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. त्यामुळे पाठीतलं पाणी तपासल्याशिवाय गावभर गोळ्या वाटायला निघू नये.

‘गोळी मिळाली, आता लस कशाला?’ हेही ऐकू येतं. गोळी आजचा जंतू काढते, पुढच्या मोसमातला नाही.

आणि औषध निवडताना जुन्या सवयीवर जाऊ नका. २००५च्या दिल्लीतल्या साथीतले जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देईनासे झाल्याचं प्रयोगशाळेत दिसलं होतं.