विंडोज की लिनक्स? आधी आपल्या फायली उघडून बघा

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. गुहागरच्या होमस्टेवाल्यांपासून देवगडच्या आंबा बागायतदारांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच: लॅपटॉप धडधाकट आहे, मग विंडोज ११ का घेत नाही? टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, नाहीतर प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही, म्हणून. मग मुंबईचा भाचा फोनवरून सांगतो, "लिनक्स टाक, मोकळा हो." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली. टाका, पण आधी तपासा. यूट्यूबवरचे तुलनेचे तक्ते इथे काडीच्या उपयोगाचे नाहीत, कारण त्यात तुमचं काम नसतं.

मॅकओएस सोडून द्या, ती अॅपलच्याच मशीनसाठी आहे. टॅलीवर हिशेब असतील किंवा डिजिटल सहीचं टोकन रोज लागत असेल, तर विंडोजच ठेवा आणि पुढचं वाचूही नका.

बाकीच्यांनी ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर रुफस या फुकट प्रोग्रॅमने लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा नवख्यांना सोपा प्रकार, चढवावं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, इन्स्टॉलच्या चिन्हाला हात लावू नका. वाय-फाय, आवाज, मोबाइलचं हॉटस्पॉट बघून घ्या. प्रिंटरवर एक पान काढाच. काही स्वस्त लेसर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात.

आता खरी मेख: मराठी.

ग्रामपंचायतीचे जुने ठराव, मंडळाच्या पावत्या, लग्नपत्रिका यांतलं बरंच काही युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी आजची मराठी, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. फाइलच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. मिंटवर तो फॉन्ट नसला की 'सरपंच'च्या जागी टोप्या आणि टिंबं घातलेली इंग्रजी अक्षरं दिसतात. लोक म्हणतात, लिनक्सने फाइल बिघडवली. काही बिघडलेलं नसतं.

ओळखायचं कसं? विंडोजवर असतानाच फाइलमधली एक ओळ कॉपी करून वॉट्सअॅपमध्ये चिकटवा. मराठीच राहिली तर युनिकोड, निश्चिंत व्हा. कचरा दिसला तर जुना फॉन्ट. तो विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून मिंटमध्ये टाकला की फाइल बहुधा वाचता येते. पण वाचणं वेगळं आणि टाइप करणं वेगळं. त्या फॉन्टचं टायपिंगचं सॉफ्टवेअर बहुतेकदा विंडोजवरचंच असतं. रोज त्यातच लिहीत असाल तर लिनक्सचा नाद सोडा, किंवा आधी इन्स्क्रिप्ट या युनिकोड मराठीच्या कीबोर्डला हात बसवा. इन्स्क्रिप्ट दोन्हीकडे सारखंच चालतं, म्हणून माझं मत सरळ आहे: नवीन काहीही जुन्या फॉन्टमध्ये लिहू नका. छापखानेवाला काहीही म्हणो.

युनिकोडच्या वर्ड फायली मिंटवरच्या लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, पण विंडोजच्या मंगल फॉन्टच्या जागी दुसरा फॉन्ट आला की पानं सरकतात. तुमचा सगळ्यात मोठा तक्ता उघडून बघा, साधं पत्र नको.

सोपेपणा म्हणाल तर मिंटचा मेनू दोन दिवसांत सवयीचा होतो. लवचीकपणाचा खरा फायदा अपडेटमध्ये: कधी घ्यायचे ते तुम्ही ठरवता, आणि हॉटस्पॉटचा डेटा संपत आलेला असताना हे फार मोलाचं. पण गावात अडलं तर हाक मारायला कोण आहे? दुकानदाराला विंडोजच येत असेल, तर सोपी विंडोजच.

हे सगळं जमलं तरच इन्स्टॉल करा. त्याआधी फायली बाहेरच्या डिस्कवर, बॅटरी पूर्ण भरलेली. आणि पावसाळ्यात ढग दाटलेले असताना सुरुवात नको. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर अर्ध्यात वीज गेली तर सगळं पहिल्यापासून.