अमेरिकेतील गावात मंदिर किंवा विहार उभारताना

पंधरावीस कुटुंबे दरमहा कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये भजनाला किंवा बुद्धवंदनेला जमू लागली की, स्वतःची वास्तू असावी ही इच्छा बळावते. ती रास्तच आहे. मात्र देणगीची पावतीपुस्तके छापण्याआधी राज्याकडे ना-नफा संस्था म्हणून नोंदणी करावी आणि घटना लिहून विश्वस्तांची मुदत ठरवून टाकावी. प्रार्थनास्थळांना केंद्रीय प्राप्तिकरातून सूट मिळवण्यासाठी अर्ज करावाच लागतो असे नाही, तरीही केंद्रीय प्राप्तिकर कायद्याच्या 501(सी)(3) या करमाफीच्या कलमाखालील मान्यतापत्र अवश्य घ्यावे, कारण पुढे पुजारी किंवा भिक्खू बोलावताना तेच पत्र मागितले जाते.

घाई करू नये. न्यूयॉर्कमधील फ्लशिंगच्या गणेश मंदिराची संस्था 1970 साली स्थापन झाली आणि प्राणप्रतिष्ठा 1977 मध्ये झाली.

जागा निवडताना आधी नगरपालिकेचा झोनिंग नकाशा, म्हणजे कोणत्या भागात जमिनीचा कोणता वापर चालतो हे दाखवणारा नकाशा, पाहावा. निवासी भागात प्रार्थनास्थळासाठी बहुधा विशेष परवाना लागतो, आणि त्याची जाहीर सुनावणी हाच सगळ्यांत कठीण टप्पा असतो. लॉस एंजेलिसजवळच्या शी लाई या बौद्ध मंदिराला रहिवाशांनी मोठा विरोध केला होता; कित्येक बैठका आणि सुनावण्या झाल्यावर ते 1988 साली पूर्ण झाले. विरोध करणारे देवाबद्दल क्वचितच बोलतात, ते गाड्या, आवाज आणि दिवे यांबद्दल बोलतात. म्हणून उत्तरही त्याच भाषेत द्यावे. एरवीच्या रविवारी किती गाड्या येतील, गणेशोत्सवात किंवा बुद्धपौर्णिमेला किती, जादा गाड्या कोणत्या शाळेच्या आवारात लावता येतील आणि ढोलताशा किती वाजता थांबेल, हे कागदावर मांडून शेजाऱ्यांना सुनावणीपूर्वीच घरोघरी जाऊन भेटावे. धार्मिक संस्थांना जमीनवापरात भेदभावापासून संरक्षण देणारा 2000 सालचा केंद्रीय कायदा आपल्या बाजूने आहे, पण माझ्या मते तो शेवटी काढायचा कागद आहे. ज्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहायचे, त्यांच्याशी नाते वकिलाच्या नोटिशीने सुरू होऊ नये. विकाऊ चर्च मिळाल्यास ते जरूर पाहावे, कारण सभागृह, स्वयंपाकघर आणि पार्किंग तिथे बहुधा आयतेच असते. होमकुंडाचे मात्र अग्निशमन अधिकाऱ्यांना विचारून ठरवावे.

दैवत कोणते, हा प्रश्न नकाशा काढण्यापूर्वी सोडवावा. पिट्सबर्गजवळ 1977 मध्ये वेंकटेश्वराचे स्वतंत्र मंदिर झाले, तर कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे शिव आणि विष्णू एकाच मंदिरात आहेत. मराठी, तेलुगू, गुजराती अशा सर्वांची वर्गणी असेल, तर दुसरा मार्ग अधिक टिकाऊ वाटतो.

पुजारी किंवा भिक्खू यांच्यासाठी आर-1 व्हिसा असतो. ती व्यक्ती किमान 2 वर्षे त्याच संप्रदायाची सदस्य असावी लागते. मुक्काम प्रथम 30 महिन्यांपर्यंत आणि एकूण 5 वर्षांपर्यंत मिळतो. प्राणप्रतिष्ठेनंतर नित्यपूजा खंडित होऊ द्यायची नसते, त्यामुळे पुजाऱ्याची सोय होईपर्यंत तसबिरीवर भागवावे. थेरवादी (श्रीलंका, थायलंड येथील बौद्ध परंपरेच्या) विहारात भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत. म्हणून मंगळवार-बुधवारसारख्या कामाच्या दिवशी अकराच्या सुमारास भोजनदान कोण आणणार, याची पाळी भिक्खूंच्या आगमनापूर्वीच लावून फळ्यावर लिहून ठेवावी.