सराईचं दार उघडण्याआधी

सगळ्यात आधी मूळ चित्रपट तीनदा बघायचा. एकदा साधा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा पडद्याकडे पाठ करून, नुसता ऐकायला. किंग हू या दिग्दर्शकांचा १९६७चा तलवारबाजीचा चित्रपट ‘ड्रॅगन इन’ पुन्हा करायचा म्हटला की लोक थेट तलवारींच्या ऑर्डरी द्यायला धावतात. तलवारी शेवटी आल्या तरी चालतं. आधी एक कागद घ्या आणि या गोष्टीत तुम्ही नेमकं काय बदलणार ते एका ओळीत लिहा. हा पुनर्निर्मितीचा पहिला प्रयत्न नाही. १९६७मध्ये, जिथे गोष्ट घडते त्या सराईचा मालक पुरुष आहे, देहदंड झालेल्या मंत्र्याचा जुना माणूस. १९९२च्या आवृत्तीत त्सुई हार्क या निर्मात्याने तिथे मॅगी चेउंग या अभिनेत्रीला बसवलं: पैशाला हपापलेली, जिभेला हाड नसलेली मालकीण, जिच्या मुदपाकखान्यात माणसाच्या मांसाचे बन होतात. एवढ्या एका बदलाने सिनेमाची चव पालटली. २०११मध्ये त्याच हार्कने वाळूखाली गाडलेलं शहर आणि थ्रीडी आणलं. वादळ फार झालं आणि सराई हरवली, असं माझं मत. तुमची ओळ जमत नसेल तर घोडे भाड्याने घेऊ नका.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं असतं, ते लवकर उरकावं. मूळ पटकथा हू यांचीच, कुठल्या कादंबरीवर बेतलेली नाही, त्यामुळे कादंबरीकाराला विचारायचा प्रश्न येत नाही. पण पटकथेचे हक्क आणि चित्रपटाचे हक्क वेगवेगळे तपासावे लागतात. हू १९९७मध्ये गेले, तेव्हा वारसही आले. चित्रपट चीनच्या मुख्य भूमीवर लावायचा असेल तर चित्रीकरणाआधी कथासार तिथल्या चित्रपट विभागाकडे नोंदवायचं आणि शेवटी प्रदर्शनाचा परवाना मिळवायचा. या दोन टप्प्यांच्या मध्ये शेवट बदलायची वेळ येऊ शकते हे धरूनच वेळापत्रक आखा.

आता सराई. खर्चाचा मोठा वाटा इथे घाला. मूळ चित्रपटात पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस छत्री घेऊन आत येतो. गुप्तहेरांनी सराई आधीच ताब्यात घेतलेली असते, ते त्याला हुसकायला बघतात, विषारी दारू पुढे करतात, आणि तो नूडल्सचा वाडगा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर असा भिरकावतो की सूप सांडत नाही. तलवारी म्यानात असतानाच प्रेक्षकाचा श्वास अडकतो. हे सगळं टेबलांतल्या अंतरावर चालतं. म्हणून कलादिग्दर्शकाने जमिनीचा आराखडा काढण्याआधी फाईट मास्टरला सोबत घेऊन बसावं. समोरचं दार, मुदपाकखान्याचं दार, जिना, वरची गॅलरी. कुठल्या टेबलावरून कुठलं दार दिसत नाही, तेही लिहून ठेवावं. बाहेरची बाजू वाळवंटात आणि आतली स्टुडिओत असेल, तर दार आत उघडतं की बाहेर हे दोन्हीकडे जुळायला हवं. हसू नका, इथेच चुका होतात. टेबलं आणि बाकडी दोन प्रकारची: बसायला भक्कम, फुटायला हलक्या लाकडाची. गॅलरीच्या कठड्याचे तुकडे प्रत्येक टेकला एक या हिशेबाने करून घ्या आणि वर चार जास्त.

गोष्ट १४५७मध्ये घडते, मिंग राजवटीत, यू चिएन या मंत्र्याला ठार केल्यानंतर. हे साल प्रत्येक विभागाच्या भिंतीवर चिकटवा. मुदपाकखान्यात लाल मिरच्या टांगायचा मोह आवरा. मिरची, मका, शेंगदाणे हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं, त्या काळी चीनमध्ये नव्हतंच. चहा मात्र किटलीत सुट्या पानांचा चालेल, कारण वड्यांच्या रूपातला राजाचा चहा १३९१मध्येच बंद झाला होता. गल्ल्यावर चांदीचे तुकडे आणि ते तोलायचा काटा ठेवा. पुरुषांचे केस डोक्यावर गाठ मारून वर बांधलेले. पुढचं डोकं भादरून मागे वेणी सोडायची पद्धत १६४४नंतरची, चिंग राजवटीची. ती वेणी दिसली की जाणकार प्रेक्षक उठून जातो. गुप्तहेरांची संस्था ‘डोंगचांग’, १४२०मध्ये स्थापन झालेली, खोजांच्या, म्हणजे खच्ची केलेल्या दरबारी पुरुषांच्या, हाताखालची. तिच्या झाडून सगळ्या माणसांना माशाची शेपटी असलेल्या नागाच्या भरतकामाचे भपकेदार अंगरखे घालायची हल्ली फॅशन आहे. तसा अंगरखा सम्राटाच्या मर्जीने मिळायचा, गणवेशासारखा वाटला जात नसे. दोघा-तिघांना द्या, बाकीच्यांना साधे कपडे. मग त्या दोघा-तिघांची जरब बसते.

तलवारी. ‘जिआन’ सरळ आणि दुधारी, ‘दाओ’ एकधारी आणि वाकडी. कोणाच्या हातात काय हे पात्राप्रमाणे ठरवा, दिसायला छान म्हणून वाटू नका. प्रत्येक मुख्य तलवारीच्या निदान तीन प्रती: क्लोजअपला पोलादी, झटापटीला हलकी, पडझडीला रबरी किंवा बांबूची. तिन्हींच्या मुठी सारख्याच असाव्यात, नाहीतर कंटिन्युइटीवाला, म्हणजे शॉटला शॉट जुळतो का ते बघणारा, संपादकाच्या शिव्या खातो. संघात दांडपट्टा खेळणारं कोणी असेल तर त्याला खास समजावून सांगा: पट्ट्यात मनगट खोबळ्यात, म्हणजे हात झाकणाऱ्या मुठीत, बंद असतं, जोर कोपर आणि खांद्यातून येतो, जिआनचं सगळं काम मनगटात आहे. ही सवय मोडायला आठवडे लागतात, ते वेळापत्रकात धरा. उड्यांबद्दल थोडक्यात. हू यांच्या काळी नट ट्रँपोलिनवरून झेपावत आणि उडीचा सुरुवातीचा आणि शेवटचा भागच कापून जोडला जाई. आता केबल आणि हार्नेस (नटाला केबलवर टांगायचे पट्टे) आहेत, आणि केबल संगणकावर पुसता येते. दोन्ही वापरा. पण उडीचं अख्खं चित्र दाखवायचा हट्ट सोडा; डोळ्याला जे दिसलं नाही तेच त्याला जास्त पटतं.

पडद्याकडे पाठ करून सिनेमा का ऐकायला सांगितला ते आता कळेल. हू पेकिंगमध्ये (आजच्या बीजिंगमध्ये) जन्मले, आणि त्यांचे लढाई रचणारे हान यिंग-चिए पेकिंग ऑपेरा या चिनी संगीतनाट्यात तयार झालेले. पात्राचं येणं, थबकणं, मान वळवणं हे छोटा ढोल, झांज आणि लाकडी टाळीच्या ठेक्यावर बसवलेलं आहे. तलवार फिरण्याआधीच्या शांततेलाही ताल आहे. म्हणून वादक चित्रीकरण झाल्यावर बोलावू नका, तालमीलाच बसवा. निदान एक ढोलवाला.

खलनायक शेवटीच समोर येऊ द्या. मूळ चित्रपटात खोजा त्साओ अखेरच्या भागात लढायला उतरतो, उघड्या डोंगरावर एकटा अनेकांना पुरून उरतो, आणि त्याला दमा आहे. तो दमा काढू नका. पांढऱ्या केसांचा हा माणूस बाय यिंग या तरुण नटाने केला होता, आणि १९९२मध्ये ही भूमिका करणारा डॉनी येनही तिशीच्या आतला होता. म्हाताऱ्याच्या भूमिकेला चपळ माणूस लागतो, मेकअपची तयारी त्यामुळे वाढते. जुन्या नटांना पाहुणे म्हणून बोलवायचा विचार असेल तर २००३चा साई मिंग-लिआंग या दिग्दर्शकाचा ‘गुडबाय, ड्रॅगन इन’ बघा. बंद पडणाऱ्या थिएटरात हाच चित्रपट चालू आहे आणि शी जुन, मिआओ तिएन हे मूळ नट प्रेक्षकांत बसलेत. त्यापुढे तुमचा पाहुणा काय करणार?

वाळवंटाचं मी थोडक्यात सांगतो. चीनच्या वायव्येला, दुनहुआंगच्या बाजूला वसंतात धुळीची वादळं उठतात, दिवसा ऊन, रात्री गारठा. वाऱ्यात केबलवर माणूस टांगू नका. घोड्यांना पाणी, माणसांना चष्मे, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी.

आणि पहिल्या शॉटच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना घरी पाठवून एकटे सेटवर जा. हातात छत्री घ्या. दारातून आत या, कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत पावलं मोजत चाला, बसा, मग दाराकडे बघा. तीन पावलांत पोहोचलात तर टेबल रात्रीतून मागे सरकवायला सांगा.